अंतःकरणाचे मुखत्यारपत्र

नागपूर शहराच्या इतिहासात १९५६ हे साल मोठे विलक्षण होय. त्या वर्षी या एकाच शहरातून धर्मांतराच्या प्रश्नास दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली. पहिले उत्तर छापील होते. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि राज्याची सूत्रे काँग्रेसपक्षाचे पंडित रविशंकर शुक्ल यांच्या हाती होती. त्यांच्या सरकारने १९५४ च्या एप्रिलात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९५६ साली निघाला, आणि माणसाने धर्म बदलण्याच्या व्यवहारावर सरकारचा अंकुश पाहिजे, हे त्याचे सार होते. दुसरे उत्तर कागदावर लिहिलेले नव्हते. १४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जन्मप्राप्त धर्माचा त्याग केला व बौद्धधर्माचा स्वीकार केला. त्या दिवशी ज्या प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यांच्याबरोबर नवा धर्म पत्करला, त्यांत एक नाव डॉ. भवानीशंकर नियोगी यांचे होते.

ही गोष्ट आम्ही त्या वयोवृद्ध न्यायाधीशांस उणे आणण्यासाठी सांगत नाही. उलट, त्यांच्या चरित्रातील हीच कृती आम्हांस त्यांच्या अहवालाहून अधिक वजनदार वाटते. जन्माचा धर्म सोडताना त्यांनी कोणाची परवानगी मागितली? कोणत्या अधिकाऱ्याने त्यांच्या हेतूंची चौकशी केली? कोणीही नाही; आणि तेच योग्य झाले. परंतु जी मोकळीक एका विद्वान न्यायमूर्तीस निसर्गतः प्राप्त आहे असे सर्वांनी गृहीत धरले, ती जशपूरच्या उरावास किंवा मंडल्याच्या गोंडास का नसावी, या प्रश्नाचे उत्तर अहवालात सापडत नाही. विद्वानाचे ते मतपरिवर्तन आणि अडाण्याची ती फसवणूक, असा भेद मनाशी ठरवूनच या विषयावरील बहुतेक लिखाण सुरू होते. हा भेद मुळातच खोटा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माणसाच्या अंतःकरणाचे मुखत्यारपत्र त्याच्या स्वतःवाचून दुसऱ्या कोणाच्याही नावे होऊ शकत नाही; ते सरकारच्या नावे होत नाही, जातीच्या नावे होत नाही आणि मिशनच्याही नावे होत नाही.

पूर्वपक्ष प्रथम नीट मांडला पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मग ते खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. त्याचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा की, मिशनऱ्यांचे धर्मांतर हे धर्माचे नसून पोटाचे असते: दवाखाना, शाळा, कर्जाऊ पैसा, दुष्काळातील धान्य यांच्या मोबदल्यात गरिबांचा आत्मा विकत घेतला जातो. दुसरा असा की, परकीय द्रव्यावर चालणारा धर्म मनुष्यास परकीय निष्ठा शिकवितो. तिसरा असा की, धर्मांतराने कुटुंब व समाज फुटतो, आणि समाजाचे स्वास्थ्य हे व्यक्तीच्या लहरीहून मोठे आहे. हे आक्षेप केवळ संकुचित वृत्तीच्या लोकांचे आहेत असेही नाही. खुद्द महात्मा गांधींनी १९३५ साली 'हरिजन' पत्रात लिहिले होते की, कायदा करण्याची सत्ता आपल्या हाती असती तर आपण धर्मांतराचा सारा उद्योग बंद केला असता. सेवाग्रामच्या संतास जे वाटले ते तुच्छतेने झटकून टाकण्यासारखे नव्हे. म्हणूनच त्याचा विचार भीड न धरता केला पाहिजे.

प्रथम आमिषाची गोष्ट घेऊ. गरिबीचा फायदा घेऊन बाप्तिस्म्यांची संख्या फुगविणारे मिशनरी झाले नाहीत असे कोण म्हणेल? विलायतेतील वर्गणीदारांस आकडे दाखविण्याची हाव पुष्कळांस होती. शिवाय अज्ञान मुलांची बाब खरोखर निराळी आहे. अनाथालयात वाढणाऱ्या पोराचा धर्म त्याला शिधा घालणाऱ्याने ठरवावा हे कोणत्याही न्यायात बसत नाही, आणि येथे कायद्याने कडक असावे, यास आमची ना नाही. तथापि वयात आलेल्या माणसाविषयी बोलताना 'आमिष' या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि उपाशी मरू घातलेल्या मुली व बायका घेऊन आल्या; केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. आपले आईबाप दुष्काळात गमावलेल्या स्त्रीने केलेले हे काम होते. यास आमिष म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. परंतु मग दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या, तेव्हा त्यांच्या धर्माचे रक्षक कोठे जेवत होते? भुकेल्यास कोणी अन्न दिले हा गुन्हा, आणि तो भुकेला राहिला ही केवळ दैवगती, असला हिशेब ज्या समाजास सुचतो त्याने दुसऱ्याच्या हेतूंची झडती घेऊ नये. आणि शिक्षण हेही आमिषच असेल, तर १८८३ पासून चाललेल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून शिकून गेलेले बहुसंख्य विद्यार्थी हिंदूच कसे राहिले? आमिष गिळूनही मासा मोकळाच पोहत राहिला, तर दोष गळाचा की गळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा?

आता कायद्याने हा शब्द कसा वापरला ते पाहू. नियोगी समितीच्या शिफारशींवर लगेच कायदा झाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपुरात पेरलेले बी सातपुड्याच्या पलीकडे उगवले. ओरिसाने १९६७ साली व मध्यप्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचे कायदे केले. नाव स्वातंत्र्याचे, परंतु त्यांची वंशावळ पाहावी. रायगड संस्थानाने १९३६ साली, सरगुजा संस्थानाने त्यानंतर आणि उदयपूर संस्थानाने १९४६ साली, म्हणजे पुढे मध्यप्रदेशात विलीन झालेल्या त्याच मुलखात, धर्मांतराविरुद्ध कायदे केले होते. प्रजेचा देह आणि प्रजेचा देव ही दोन्ही आपली मालमत्ता मानणाऱ्या राजांची ही कल्पना होती. लोकशाहीने राजांचे तनखे बंद केले, पण त्यांची ही मिरास मात्र जपून ठेविली.

१९६८ च्या कायद्यात बळजबरीची जी व्याख्या आहे तीत इजेची धमकी तर येतेच, पण दैवी कोपाची धमकी आणि सामाजिक बहिष्काराची धमकीही येते. दैवी कोपाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू. ती बळजबरी ठरली तर सत्यनारायणाचा प्रसाद टाकून गेल्यामुळे संकटात पडलेल्या कलावतीची कथा घरोघर सांगणाऱ्या भटजींनी काय करावे, याचा विचार कायदेपंडितांनी करावा. खरी गोम बहिष्कारात आहे. माणसास जुन्या धर्मातून नव्या धर्मात ओढण्यासाठी बहिष्काराची भीती घातली, तर तो या कायद्याने गुन्हा. परंतु त्याच माणसास जुन्या धर्मात डांबून ठेवण्यासाठी गावाने त्याचे पाणी तोडले, सोयरिकी मोडल्या, त्याच्या प्रेतास खांदा देण्याचे नाकारले, तर त्याविषयी हा कायदा मौन धरतो. दाराच्या एका बाजूस उभा असलेला पहारेकरी शिक्षेस पात्र आणि दुसऱ्या बाजूचा मात्र समाजरक्षक! पुढे २०२१ साली मध्यप्रदेशाने नवा कायदा केला, त्यात तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळवावे असे कलम घातले, आणि पूर्वजांच्या धर्मात परतणे हे धर्मांतरच नव्हे असेही ठरविले. जावयाचे असेल तर साठ दिवसांची नोटीस, परतावयाचे असेल तर दार सताड उघडे. यास स्वातंत्र्य म्हणावयाचे असेल तर पिंजऱ्यासही घर म्हटले पाहिजे.

आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून येथेच सांगून ठेवतो की, परतण्याचा हक्क आम्हांस तितकाच प्रिय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ साली नेताजी पालकरांस स्वधर्मात परत घेतले, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासातील अभिमानाची आहे. १८४३ साली मुंबईस श्रीपत शेषाद्री या मिशनच्या घरी राहिलेल्या मुलास बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्ध करून घेण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्याशी भांडले ते पाद्री नव्हेत, तर जातीचेच लोक. जाणाऱ्यास शिव्या आणि परतणाऱ्यास दार बंद, असा तो काळ होता. बाळशास्त्री तेव्हा ज्या तत्त्वासाठी उभे राहिले तेच आज आम्ही मागतो: ज्याचे मन, त्याचा निर्णय, येण्याला आणि जाण्याला नियम एकच.

नियोगी अहवालातील आणखी एक शिफारस मासिकाच्या वाचकांनी दोनदा वाचावी अशी आहे. धर्मप्रसाराचे वाङ्मय सरकारच्या मान्यतेवाचून वाटले जाऊ नये, असे समितीने सुचविले होते. ही सूचना अंमलात येऊन ती मागील काळासही लागू झाली असती तर मराठी वाङ्मयाची काय दशा होती? बाबा पदमनजींचे १८५७ चे 'यमुनापर्यटन' आपण मराठी कादंबरीच्या प्रारंभी ठेवतो. हिंदु विधवांच्या दुःखाचे ते चित्र ख्रिस्ती धर्माचा पुरस्कारही उघडपणे करते. १८४२ पासून निघणारा 'ज्ञानोदय' कोणत्या सचिवाच्या सहीसाठी थांबला असता? रेव्हरंड टिळकांचे 'ख्रिस्तायन' कोणत्या कारकुनाने तपासले असते? आणि या प्रांतात मिशनऱ्यांस उत्तर कसे दिले जात असे, तेही आठवावे. १८३१ साली मोरभट दांडेकर डॉ. जॉन विल्सन यांच्याशी वादास उभे राहिले व त्यांनी आपली बाजू ग्रंथरूपाने मांडली. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद करीत होते. त्या काळी राज्य परक्यांचे होते, तरीही या लोकांस आपल्या धर्माच्या रक्षणासाठी सरकारी शिक्क्याची गरज वाटली नाही. पोथीला पोथीने व बोलण्याला बोलण्याने उत्तर देण्याची त्यांच्यात धमक होती. स्वराज्यात ही धमक वाढावयास हवी होती. ती आटून पोलिसाच्या पट्ट्याचा आधार शोधू लागली असेल, तर धर्म संकटात आहे हे खरे. परंतु ते संकट पाद्र्याने आणलेले नव्हे.

दुसरा आक्षेप परकीय निष्ठेचा. या आक्षेपाचे उत्तर नागपुरापासून पन्नास मैलांच्या आत सापडते. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा संसार चालविणारे, खेड्याच्या अर्थशास्त्रासाठी आयुष्य वेचणारे आणि त्यापायी इंग्रजांच्या तुरुंगात गेलेले जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. त्यांची निष्ठा रोमास होती की लंडनास? आणि त्याहून बोलके उदाहरण व्हेरियर एल्विन यांचे. हा इंग्रज धर्मोपदेशक गांधीजींच्या बाजूस गेला, १९३२ साली मंडला जिल्ह्यातील गोंडांत जाऊन राहिला आणि त्यांस बाप्तिस्मा देण्याचे त्याने मनावर घेतले नाही. नागपूरच्या अँग्लिकन बिशपाशी त्याचा बेबनाव झाला, आणि १९३५ साली त्याने इंग्लंडच्या चर्चचाच त्याग केला. पुढे मंडल्यातील मिशनऱ्यांवर त्याने कडाडून टीका केली. त्यांच्या विरोधकांस एल्विनचे नाव म्हणूनच गोड लागते. परंतु एल्विनचे चरित्र त्यांच्या पक्षास पुरावा म्हणून कसे चालावे? त्याने धर्मसत्तेस न विचारता धर्म सोडला. चर्चचे दार आतून उघडून बाहेर पडण्याचा जो हक्क त्याने बजावला, तोच हक्क त्याच मंडल्यातील गोंडास आपल्या बापजाद्यांच्या देवाचे दार उघडून बाहेर पडण्याचा आहे. एकाचे जाणे हे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचे जाणे हा कट, हे 'आपला तो बाब्या' या न्यायाचेच उदाहरण झाले.

परकीय पैशाविषयी मात्र समितीचे एक म्हणणे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. हिंदी ख्रिस्ती लोकांनी परदेशी मदतीवर अवलंबून न राहता आपले स्वतंत्र चर्च उभारावे, असे तिने सुचविले होते. ही सूचना चांगली होती. पण ती नवी नव्हती. नारायण वामन टिळक ती चाळीस वर्षांपूर्वी जगून गेले होते.

तिसऱ्या आक्षेपाचा, म्हणजे कुटुंब फुटते या आक्षेपाचा, विचार करताना टिळकांच्याच घरात डोकावावे लागते. टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयास होते. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले, हा प्रसंग 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटले, हे खरे आहे. लक्ष्मीबाईंचे त्या काळातील हाल वाचून कोणाचेही मन द्रवते, आणि त्या हालांस टिळकांचा उतावळा स्वभावही कारण होता. त्यांची बाजू घेण्यासाठी हे झाकण्याचे कारण नाही. परंतु पुढे काय झाले? पाचेक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेविली. नवऱ्याने बायकोस आपल्या धर्मात ओढले नाही. तिने त्याच्या धर्मात आपली बुद्धी विकली नाही. जातिभेद हा देवाचा की माणसाचा, याचा विचार त्या बाईने स्वतःच्या डोक्याने केला, आणि १९०० साली तिने स्वतःचा निर्णय घेतला. जिला लिहिण्यावाचण्याचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते अशी ही स्त्री. 'अडाण्यास धर्म काय कळतो?' असे विचारणाऱ्यांनी तिच्या पुस्तकापुढे मान लववावी आणि मग पुढे बोलावे.

कुटुंब फुटण्याचे भय तर आमच्या संतमंडळीलाही चुकले नाही. शिऊरच्या ब्राह्मण बहिणाबाईंनी तुकोबांस गुरू मानले, तेव्हा शूद्रास गुरू केले म्हणून नवऱ्याने त्यांचा छळ केला. कुटुंबाचे स्वास्थ्य हीच सर्वश्रेष्ठ वस्तू मानावयाची, तर बहिणाबाईंनी गप्प बसावयास हवे होते. महाराष्ट्र आज बहिणाबाईंस वंदन करतो, त्यांच्या नवऱ्यास नव्हे. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व जातपंचायतींच्या हातातील काठी मोडली. असा कायदा करणारे हे पहिले राज्य होय. व्यक्तीस समूहापासून संरक्षण हे त्या कायद्याचे तत्त्व आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत याच राज्याच्या सरकारने सक्तीच्या धर्मांतराविषयी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंतःकरणाचा प्रश्न पोलीसखात्याकडे सोपविण्यापूर्वी आपल्याच २०१६ च्या कायद्याचे तत्त्व त्या सरकारने एकवार वाचले असते, तर बरे झाले असते.

आता या प्रकरणातील सर्वांत मोठ्या वदतोव्याघाताकडे वळतो. धर्म बदलण्यासाठी ऐहिक लाभ देऊ करणे हे कायद्याच्या भाषेत आमिष होय. ठीक. मग धर्म न बदलण्यासाठी ऐहिक लाभ देऊ करणे यास काय म्हणावे? १९५० सालच्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने या जातींच्या सवलती आरंभी मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली त्या शिखांस आणि १९९० साली बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान दलितांस त्या मिळालेल्या नाहीत. ही अट काढून टाकावी, असे न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली सांगूनही मिळालेल्या नाहीत. समजा, नागपुरातील इंदोऱ्याच्या एका घरात तीन भाऊ आहेत. एक हिंदु राहिला, दुसरा बौद्ध झाला आणि तिसरा ख्रिस्ती. खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारा घरमालक तिघांकडे एकाच नजरेने पाहतो. जातीच्या डोळ्याला बाप्तिस्मा दिसत नाही. सरकारी दप्तरात मात्र तिसऱ्या भावाची अस्पृश्यता चर्चच्या उंबरठ्याशी आपोआप गळून पडलेली असते. त्याच्या मुलाने शिष्यवृत्ती मागितली की कारकून त्यास सांगतो, बाप्तिस्मा किंवा सवलत, दोहोंतून एक निवड. मिशनऱ्याने पायलीभर तांदूळ दिले तर ते आमिष, आणि सरकारने नोकरी, शिष्यवृत्ती व विधिमंडळाची जागा धर्माच्या अटीवर राखून ठेविली तर ते सामाजिक न्याय! या देशातील सर्वांत मोठा आमिषदाता खुद्द सरकार आहे, आणि आमिषाविरुद्ध कायदे करणाराही तोच आहे. १९५६ नंतर नागपूरच्या बौद्धांनी हाच जाच चौतीस वर्षे केंद्र सरकारच्या बाबतीत सोसला. त्यांच्याइतके या दुःखाचे मर्म दुसरे कोण जाणेल?

न्यायालयाने या बाबतीत काय केले? ओरिसाच्या उच्च न्यायालयाने तेथील कायदा रद्द केला, मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयाने आपला उचलून धरला. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. १७ जानेवारी १९७७ रोजी रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. कारण तसा हक्क मानला तर इतरांच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यास बाध येईल. हा कोटिक्रम दिसण्यात सुबक आहे, पण त्याचा पायाच चुकला आहे. जणू काय धर्मांतर ही पाद्र्याने करण्याची क्रिया आहे, आणि ज्याचे धर्मांतर होते तो इसम म्हणजे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलविलेली वस्तू! वस्तुतः कोणी कोणाचे धर्मांतर करीत नाही. मनुष्य आपले धर्मांतर आपणच करतो. बोलणारा बोलतो, ऐकणारा निवडतो. न्यायालयाने बोलणाराचा हक्क तराजूत घातला. ऐकणाराचा हक्क तोलावयाचे राहूनच गेले. पुढे हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली धर्मांतराची पूर्वसूचना देण्याचे तेथील कलम रद्द केले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. हा विचार शेवटापर्यंत नेला, तर कोणाही माणसाने आपल्या देवाची वर्दी कचेरीत देण्याचे कारण उरत नाही. बळजबरी, फसवणूक, धमकी यांस शासन करण्यास सामान्य फौजदारी कायदा पुरेसा आहे. घटनासमितीपुढेही १९४७ साली बळजबरीच्या धर्मांतराविषयी वेगळे कलम आले होते, आणि ते अनावश्यक म्हणून गाळण्यात आले. ती माणसे फाळणीच्या रक्तपाताच्या छायेत बसून हा विचार करीत होती. आपणांस त्यांच्याहून अधिक घाबरण्याचे कारण काय?

येथवर वाचून ख्रिस्ती वाचक संतुष्ट झाला असेल, तर त्याचाही हिशेब व्हावयाचा आहे. व्यक्तीच्या विवेकाची मुखत्यारी आपल्याकडे घेण्याची हौस चर्चासही कमी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण ज्या बाईने शास्त्र्यांच्या सभेत मान खाली घातली नव्हती, ती अँग्लिकन भगिनीमंडळाच्या धाकात राहणार कशी? मते तपासून पाहिल्यावाचून स्वीकारणार नाही, असे तिने त्यांस बजाविले, आणि तो वाद तिच्या पत्रांत ग्रथित आहे. १८९३ साली पुण्यात शारदासदनाच्या प्रश्नावरून तिच्यावर वादळ उठले व सल्लागार मंडळातील पुढारी बाजूस झाले. म्हणजे या एका स्त्रीस विलायतेतील धर्ममाता अपुरी ख्रिस्ती म्हणत होत्या आणि पुण्याचे पुढारी अधिक ख्रिस्ती म्हणत होते. दोघांचा राग एकाच गोष्टीचा होता: ती स्वतःच्या मनाने चालत होती. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त बसावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या नोंदवहीत न मावणारा हा माणूस दोनच वर्षांनी वारला, आणि नोंदवह्या पूर्ववत चालू राहिल्या.

तेव्हा सरकारपाशी स्वातंत्र्य मागणाऱ्या चर्चने ते प्रथम आपल्या घरात द्यावे. ख्रिस्ती बापाच्या मुलाने देवालयात जावयाचे किंवा कोठेच न जावयाचे ठरविले, तर त्याचे घर त्यास बंद होता कामा नये. येशूच्या मेजावर एकत्र बसणारांच्या स्मशानात जातवार कोपरे असतील, तर त्या चर्चला दलित ख्रिस्ती लोकांच्या सवलतींविषयी बोलताना लाज वाटली पाहिजे. बाप्तिस्म्यांची गणती करून परदेशी अहवाल सजविणाऱ्यांनी समजावे की, माणूस मोजणारा पाद्री आणि माणूस मोजणारा दंडाधिकारी हे एकाच धंद्याचे दोन भागीदार आहेत. दोघांनाही माणूस नको, डोके हवे; आणि तेही मोजण्यापुरते.

आमचे म्हणणे इतकेच आहे. राज्याने बळजबरी करणाऱ्यास शिक्षा करावी, मग तो माणसास बाहेर खेचणारा असो की आत कोंडणारा असो. अज्ञान मुलांचे रक्षण करावे. सवलती देताना जातीची जखम पाहावी, देवाचे नाव विचारू नये. आणि वयात आलेला शहाणा मनुष्य कोणापुढे हात जोडतो, याची चौकशी बंद करावी. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास हिंदु म्हणून मरणार नाही अशी प्रतिज्ञा केली, आणि त्यानंतर एकवीस वर्षे विचार करून नागपुरात ती पुरी केली. त्या एकवीस वर्षांत ख्रिस्ती झाले, मुसलमान झाले, शीख झाले, अशा बाजारगप्पा उठत राहिल्या आणि नाना पंथांचे लोक त्यांच्या दारी येत राहिले. त्यांनी सर्वांचे ऐकले आणि निवड स्वतः केली. साठ दिवसांची नोटीस मागणाऱ्यांस बहुधा वाटत असावे की गरीब माणूस विचार करीत नाही. तो करतो. त्यास वेळ किती लागावा हे मात्र त्याचे त्याने ठरवावयाचे असते.

त्याचे उत्तर कधी बुद्धाकडे नेईल, कधी ख्रिस्ताकडे, कधी जन्मल्या ठिकाणीच ठेवील. ते कोठे नेते यावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून नाही. ज्यांस १४ ऑक्टोबरचे नागपूर वंद्य वाटते, पण एखाद्या वस्तीतील नव्या प्रार्थनाघराचे छप्पर पाहून ज्यांच्या मस्तकात तिडीक जाते, त्यांनी स्वातंत्र्याचा पक्ष घेतलेला नसून केवळ एका निकालाचा घेतलेला आहे. आणि निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंतच ज्यास न्याय प्रिय असतो, त्याच्या हाती कोणाचेही मुखत्यारपत्र देणे शहाणपणाचे नव्हे.